मिठाचे इमान

आमच्या भाषेत मिठाला जो मान आहे, तो दुधातुपालाही नाही. खाल्ल्या मिठाला जागतो तो माणूस. जागत नाही तो नमकहराम. मीठभाकर म्हटले की गरिबाचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि पोराला दृष्ट लागली की आई मीठमोहऱ्याच उतरून टाकते. अशा या मानकऱ्याविरुद्ध लेखणी उचलणे म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवावर फिर्याद गुदरण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. तरीही ती गुदरणे भाग आहे. कारण आम्ही मिठाला जागलो; मीठ काही आम्हांला जागले नाही.

माझी विद्या शालान्त परीक्षेपुरती. पोट मास्तरकीवर, हौस कादंबऱ्यांची. तेव्हा वैद्यकाचा आव मी आणीत नाही. पण ज्याने आपले वडील तीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले पाहिले, त्याला या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार असावा. रक्तदाब वाढला आहे, मीठ कमी करा, असे डॉक्टरांनी वडिलांना आधीच बजावले होते. आईने भाजीतले मीठ कमी केले, त्याच दिवशी वडिलांनी ताट सरकवले. "हे काय आजाऱ्याचे जेवण?" ते आजारीच होते; पण सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी मीठ पूर्ववत पडले, वर पापड-लोणचेही आले. घरातली शांतता टिकली. वडिलांचा उजवा हात गेला. एकट्या मिठाने त्यांना पाडले असे मी म्हणत नाही, तंबाखूचाही त्यात वाटा होता. पण 'नावडतीचे मीठ अळणी' म्हणणाऱ्या आमच्या समाजात आवडतीचेही अळणी चालत नाही, हे मी त्या ताटावर शिकलो.

हिशेब अगदी सोपा आहे. मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे लहान चमचाभर, तोही सपाट. आणि त्यात भाजी, आमटी, पोळी, चटणी सगळे आले. आपण भारतीय निरनिराळ्या पाहण्यांप्रमाणे ८ ते ११ ग्रॅम खातो. मिठातला सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतो, रक्ताचे आकारमान वाढते, वाहिन्यांवर दाब येतो. आणि तो वर्षानुवर्षे राहिला की मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांच्यावर त्याची वसुली होते.

यावर पहिले उत्तर ठरलेले: "आमचे आजोबा मूठभर मीठ खात आणि नव्वद वर्षे जगले." जगले ते आजोबा आपल्याला आठवतात. पन्नाशीत 'वाऱ्याचा झटका' येऊन गेले, त्यांचा दाब कोणी मोजला होता? शिवाय पावसाळ्याचे चार महिने काढायला लोणचे, पापड, सुकी मासळी लागे. मीठ हा त्यांचा टिकवण्याचा उपाय होता. आज घरात शीतकपाट आले, तरी बरणी जागची हललेली नाही.

दुसरे उत्तर जरा धार्मिक असते: "आम्ही सैंधव खातो." खुशाल खा. पण सैंधव झाले तरी ते मुख्यतः तेच सोडियम क्लोराईड. गुलाबी रंगाने आणि चौपट किमतीने त्याचा स्वभाव पालटत नाही. उलट त्यात पुरेसे आयोडीन नसते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड ओसरल्याचे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि १९६२ साली गलगंड-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. म्हणून माझे मागणे मीठ बदला असे नाही, कमी करा असे आहे.

तिसरे उत्तर विद्वानांचे: "तज्ज्ञांतच मतभेद आहेत." आहेत. फार कमी मीठही अपायकारक ठरू शकते, असे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडले, आणि त्याच्या मोजणीच्या पद्धतीवर इतरांनी कडक आक्षेप घेतले. पण तो वाद फार कमी खाणाऱ्यांचा आहे. ताटात चिमूट, वर चिमूट आणि शेवटी मिठाचे ताक घेणाऱ्याने त्या वादाच्या आड लपू नये. उलट चीनमध्ये सहाशे खेड्यांत सुमारे २१,००० माणसांवर प्रयोग झाला. काहींच्या मिठात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड मिसळले. २०२१ साली निष्कर्ष आला, तेव्हा त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरले. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र असले मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.)

आता दुकानाकडे वळू. माझ्या वर्गातली पोरे मधल्या सुट्टीत कुरकुरीत पाकिटे फोडतात. पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो. पण तो मुंगीच्या अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, आणि 'मीठ' हा शब्द टाळून. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे तेव्हा मीठ निघते. हे गणित पोरांच्या आईबापांनी दुकानाच्या फळीपाशी उभे राहून करावयाचे काय? पाकिटावर ठळक मराठीत 'यात इतके मीठ आहे' असे लिहिण्याची सक्ती का नसावी? लपवण्यासारखे काही नसेल, तर लाज कसली?

१९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर आमच्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, त्या गरिबाच्या मिठावरचा कर उठावा म्हणून. ज्या गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले, त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असताना स्वतःच्या ताटातले मीठ सोडूनही पाहिले होते. या दोन गोष्टींत विरोध नाही. मिठावरचा हक्क वेगळा, मिठाची गुलामी वेगळी. सरकारी कर १९४७ साली गेला. आता मीठच आमच्या अंगावर कर बसवते आणि तो हातापायांनी वसूल करते.

जिभेची काळजी करू नका. काही आठवड्यांत ती कमी मिठाला सरावते. या दिवाळीत चकली जरा सपक लागली, तर एवढेच करा: ताट सरकवू नका. करणारीला एक शब्द बरा बोला. माझ्या आईला तो कधी मिळाला नाही.