माहितीपत्रकावरची शोधमर्यादा तपासून घ्या

किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा सायटोमेगॅलोव्हायरसचा अहवाल आपल्याकडून जातो, तेव्हा त्यातल्या आकड्यावर उपचार ठरतात. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर सुरू करायचे, आठवडाभर थांबायचे की चालू असलेले बंद करायचे, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. औषध विनाकारण दिले तर पांढऱ्या पेशी घसरतात आणि उशिरा दिले तर विषाणू आतड्यांपर्यंत, फुप्फुसांपर्यंत पोचतो.

हा आकडा किती भरवशाचा? उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या 33 प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच नमुन्याच्या निकालांत किमान 2 लॉगची, म्हणजे शंभर पटींची तफावत होती; काही नमुन्यांत ती 4 लॉगच्याही पुढे गेली. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि अहवाल एका एककात येऊ लागले. तफावत घटली, पण मिटली नाही. मानकात अख्खा विषाणू आहे, तर रुग्णाच्या प्लाझ्मात विषाणूच्या डीएनएचे बहुतांशी तुकडेच असतात. त्यामुळे लांब पट्टा वाढवणारी पीसीआर आखूड पट्ट्याच्या पीसीआरपेक्षा कमी मोजते, दोन्ही अहवालांवर एकक तेच असले तरी.

म्हणून नवे किट घेताना माहितीपत्रकातली शोधमर्यादा आधी कागदावर तपासा. 200 मायक्रोलिटर प्लाझ्मातून डीएनए काढला, तो 50 मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि त्यातला 10 मायक्रोलिटर रिअ‍ॅक्शनमध्ये घातला, असे धरू. म्हणजे प्रत्यक्षात तपासला गेला फक्त 40 मायक्रोलिटर प्लाझ्मा, एका मिलिलिटरचा पंचविसावा भाग. 95 टक्के वेळा विषाणू सापडायला रिअ‍ॅक्शनमध्ये सरासरी 3 प्रती लागतात. हे पॉयसाँचे गणित आहे, कोणत्याही रसायनाने बदलणारे नाही. एक्स्ट्रॅक्शनमध्ये एकही प्रत वाया गेली नाही असे मानले, तरी या मांडणीची मर्यादा मिलिलिटरला 75 प्रतींच्या खाली जाऊच शकत नाही. त्याच मांडणीवर कुणी 10 प्रतींचा दावा करत असेल, तर असा नमुना तीनपैकी जेमतेम एकदा सापडेल. विक्रेत्याला हा हिशेब समोर ठेवून विचारा.

मग आपल्या यंत्रावर, आपल्या माणसांच्या हातून पडताळा घ्या. सौम्यीकरण विषाणूमुक्त मानवी प्लाझ्मात करा, बफरमध्ये नको. बफरमध्ये सगळीच किट छान चालतात. दाव्याच्या पातळीवर, वेगवेगळ्या दिवशी मिळून 20 चाचण्या लावा; त्यांतल्या 19 तरी पॉझिटिव्ह यायला हव्यात. खर्च होतो, मान्य आहे. पण या पडताळणीत काटकसर केली, तर तिची किंमत रुग्ण मोजतो.

जुन्या पद्धतीशी तुलना करताना सहसंबंध गुणांकावर समाधान मानू नका. नवे किट प्रत्येक नमुन्यात पाचपट जास्त मोजत असले, तरी लॉगच्या आलेखावर गुणांक तितकाच देखणा दिसतो. दोन पद्धतींतला फरक सरासरीसमोर मांडा, म्हणजे पक्षपात लगेच उघडा पडतो. हेपॅरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधला नमुना स्वीकारूच नका, कारण हेपॅरिन पीसीआर दाबते. प्रत्येक नमुन्यात एक्स्ट्रॅक्शनआधीच अंतर्गत कंट्रोल घाला. तो उमटला नाही, तर ‘निगेटिव्ह’ लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून रुग्ण गावाकडे परततो आणि पुढच्या तपासण्या जवळच्या शहरात करतो. एका ठिकाणी संपूर्ण रक्त, दुसरीकडे प्लाझ्मा. आकडे मात्र एकाच फाइलीत शेजारी लागतात. एकाच पद्धतीतही तिपटीपेक्षा कमी बदल खरा मानत नाहीत, तिथे ही तुलना कशी टिकावी? निदान अहवालावर नमुन्याचा प्रकार, किटचे नाव आणि मोजणीची खालची मर्यादा छापा. त्या मर्यादेखाली विषाणू दिसला, तर ‘आढळला, मोजण्याइतका नाही’ असे स्पष्ट लिहा.

आपल्या पडताळणीचे निकाल आमच्याकडे पाठवा, विशेषतः ज्यांत किट दाव्याला उतरले नाही असे. त्यांना या मासिकात जागा मिळेल.