विमानाचं शिक्षण : उचगावच्या पालकांनो, फी भरण्याआधी ‘१४७’ विचारा

उचगाव (ता. करवीर) : उजळाईवाडीच्या धावपट्टीकडं जाणारी विमानं उचगावच्या पोरांना रोज दिसतात. मार्च २०२४ मध्ये विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यात बारावी सायन्सचा निकाल लागला की ‘विमान इंजिनिअर व्हा’ म्हणणाऱ्या जाहिराती येतातच. चार-पाच लाखांच्या गोष्टी ऐकून घरातली माणसं सोनं नाहीतर शेत मोजायला लागतात. तेव्हा आधी हे समजून घ्या.

विमान दुरुस्तीनंतर ‘उडायला योग्य’ म्हणून सही करणाऱ्याला परवाना लागतो. तो देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. कॉलेज परवाना देत नाही. कॉलेजचं प्रमाणपत्र आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पालक फसतात ते नेमकं इथंच. एरोनॉटिकलची बी.टेक. पदवी चांगलीच आहे, पण तेवढ्यावर सही करता येत नाही.

परवान्याचे नियम ‘कार-६६’ मध्ये आहेत, तर शिकवणाऱ्या संस्थेचे ‘कार-१४७’ मध्ये. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. बी-१ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी-२ म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक्स. ए वर्गाला ठराविक किरकोळ कामांपुरतीच सही. डीजीसीएच्या विषयवार परीक्षेत पास व्हायला ७५ टक्के लागतात. सगळं इंग्रजीत, त्यामुळं मराठी माध्यमाच्या पोरानं ती तयारी अकरावीपासूनच धरावी.

खरी मेख आहे अनुभवात. मान्यताप्राप्त १४७ संस्थेत कोर्स केला, तर बी-१ (टर्बाइन विमान) किंवा बी-२ साठी चालत्या विमानांवर दोन वर्षांचं काम लागतं. असं कुठलंच प्रशिक्षण नसेल तर पाच वर्षं. आपल्याकडं गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यात मिस्त्री पोराचा हात बघून कामावर घेतो. इथं हात कितीही चांगला असू दे, केलेलं काम लॉगबुकात नोंदलेलं आणि वरच्याची त्यावर सही नसेल, तर ते केलंच नाही असं धरतात. आणि हे काम मिळायला एअरलाइन किंवा दुरुस्ती कंपनीनं आत घ्यावं लागतं. परीक्षा पास होऊन बरीच पोरं याच दारात अडकतात.

परवाना हातात आला तरी कुठल्याही मोठ्या विमानाला हात लावता येतो, असं नाही. कोल्हापुरात इंडिगोचं एटीआर येतं, घोडावत समूहाच्या स्टार एअरचं एम्ब्रेअर येतं. एटीआरचं टाइप रेटिंग असणाऱ्याला एम्ब्रेअरवर सही करता येत नाही. त्याचं प्रशिक्षण वेगळं, खर्चही वेगळा.

काम नाही असं नाही. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं एअर इंडियासाठी उभारलेला दुरुस्ती तळ आहे, मुंबईत जुने हँगर आहेत. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं दुरुस्ती सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला तो परदेशात जाणारं काम देशात राहावं म्हणूनच. पण ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला पोरं कुठल्या पदावर लागली, ते विचारा. सामान चढवायची नोकरीही विमानतळावरचीच असते!

मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे. संस्थेचं नाव, मान्यतेची मुदत आणि कुठल्या वर्गाची मान्यता, हे तिन्ही बघा. मग संस्थेला विचारा की मागच्या दोन बॅचच्या पोरांना चालत्या विमानावरचं काम कुठल्या कंपनीत मिळालं, आणि त्यातल्या एक-दोघांशी स्वतः बोला. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर चेकबुक खिशातच ठेवा.