विश्लेषण : पाच हजारांच्या गावाने थिएटर कसे वाचवले?

तालुक्याच्या गावातले टॉकीज बंद पडले की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी पोस्टरची चौकट रिकामी होते, मग आवारात गाड्या लागतात आणि शेवटी तिथे मंगल कार्यालय किंवा व्यापारी संकुल उभे राहते. गाव हळहळते, पण टॉकीज आपणच घ्यावे हे कुणाच्या मनात येत नाही. स्कॉटलंडमधल्या कॅम्बलटाउनच्या मनात ते आले.

हे थिएटर कोणते?

किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाकडचे हे बंदराचे गाव. लोकवस्ती पाच हजारांच्या आसपास आणि ग्लासगो रस्त्याने दोनशे किलोमीटरहून दूर. इथले 'पिक्चर हाउस' १९१३ साली सुरू झाले, म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच वर्षी. वास्तुरचनाकार अल्बर्ट गार्डनर यांनीच १९३५ मध्ये आतली सजावट बदलली. पडद्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी प्लास्टरची दोन चिमुकली घरे उभारली. प्रेक्षकाला आपण खुल्या अंगणात बसलो आहोत असे वाटावे, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडच्या तंबू थिएटरला मात्र त्यासाठी प्लास्टर लागले नाही!

ते वाचले कसे?

टीव्ही आला, प्रेक्षक घटले. १९८०च्या दशकात थिएटर बंद पडण्याची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी संस्था काढून ते ताब्यात घेतले आणि चालवले. पुढे इमारतच थकली. २०१४ मध्ये खेळ थांबवून काम हाती घेतले गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये पडदा पुन्हा उजळला. खर्च सुमारे ३५ लाख पौंड. त्यात लॉटरीच्या उत्पन्नातून वारशासाठी मिळणाऱ्या निधीचा मोठा हात होता.

नुसती रंगरंगोटी झाली का?

नाही, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. चिमुकली घरे जपली, पण शेजारी दुसरा छोटा पडदाही बांधला. एकाच पडद्यावर नवा चित्रपट लावला की तो प्रेक्षक असोत-नसोत खेचावा लागतो. दोन पडदे असले की एकीकडे मुलांचा, दुसरीकडे मोठ्यांचा खेळ लावता येतो. जोडीला कॅफे. जुन्या वास्तूचा खर्च जुन्या आठवणींवर भागत नाही, हे त्यांनी आधीच ओळखले.

आपल्याकडे हे जमेल?

तसा निधी आपल्याकडे नाही, हे खरे. टॉकीजची जागा बहुधा एका कुटुंबाची, त्यात वारस अनेक. तिकिटावरचा कर अलीकडे कमी झाला, शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण रिकाम्या खुर्चीवर सवलत मिळून उपयोग काय? मालकाने तोट्यात खेळ चालवावेत, ही अपेक्षाही अन्यायाची आहे.

तरीही संस्था उभारणे आपल्याला नवे नाही. गावोगावची नगर वाचनालये सभासदांच्या वर्गणीवर शंभर-शंभर वर्षे चालली. मग टॉकीज पाडण्याची परवानगी देण्याआधी नगरपालिकेने सहा महिने थांबून, गावातली एखादी संस्था ते रास्त भाड्याने किंवा बाजारभावाने घ्यायला तयार आहे का, एवढे जाहीरपणे विचारायला काय हरकत आहे? कुणीच पुढे आले नाही, तर मालकाने खुशाल संकुल बांधावे.