जैन जेवण मिळतं, मग झालं का?



गेले काही दिवस आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एकच निळी-सोनेरी गाडी धावते आहे. पॅरिसहून व्हेनिसला जाणारी, व्हेनिस सिंप्लॉन ओरिएंट एक्सप्रेस. एका सहल कंपनीने युरोपच्या सहलीत या गाडीतली एक रात्र घातली आहे. पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'जैन भोजन, मंदिर दर्शन, धर्म सांभाळून राजेशाही प्रवास'. माझं भांडण त्या गाडीशी नाही, 'धर्म सांभाळून' या दोन शब्दांशी आहे.

गाडी सुंदर आहे, यात वादच नाही. बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्सने अमेरिकेत पुलमनचे झोपायचे डबे पाहिले आणि तसे डबे युरोपभर फिरवायचं मनावर घेतलं. १८८३ साली त्याची पहिली ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघाली. तेव्हा सलग रूळसुद्धा नव्हते. डॅन्यूब ओलांडायची, पुढे वार्नापर्यंत दुसरी गाडी आणि मग बोट. १९०६ साली सिंप्लॉनचा बोगदा सुरू झाला, पुढे त्यातून दुसरा मार्ग निघाला. अगाथा ख्रिस्तीने १९३४च्या कादंबरीत याच गाडीत खून घडवला आणि तिचं नाव घरोघरी पोचलं. पॅरिस ते इस्तंबूल थेट जाणारी गाडी १९७७ साली बंद पडली. आज धावते ती १९८२ साली सुरू झालेली खासगी गाडी. जेम्स शेरवूड नावाच्या उद्योजकाने लिलावातून आणि इकडून-तिकडून जुने डबे गोळा केले, दुरुस्त केले, चकचकीत केले. म्हणजे आपण इतिहासात बसत नाही, इतिहासाच्या आठवणीचं तिकीट काढतो. एका रात्रीचं, माणशी तीन लाखांच्या वर.

आता धर्माकडे वळू. गटावर पहिला प्रश्न आला, 'जैन मिळेल का?' मिळेल, असं उत्तर आलं आणि चर्चा संपली. बायांनो, आपल्या व्रतांची यादी कांदा-लसणावर कधीपासून संपायला लागली? अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. त्यापुढे दिग्व्रत, देशव्रत, अनर्थदंडत्याग, भोगोपभोग-परिमाण. एकदाच वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग, आणि दोन्हींना आपण आपल्या हाताने कुंपण घालायचं. ती गाडी उभी आहेच मुळी हे कुंपण काढण्यावर. त्यांचा पोशाखाचा नियम सांगतो की जीन्स चालणार नाही, आणि रात्रीच्या जेवणाला जितकं नटाल तितकं थोडंच. लगेच एकीने लिहिलं, 'मग आपण पैठण्या नेसू!' एका पैठणीसाठी किती कोष उकळतात हे आपल्या पाठशाळेतली पोरंही सांगतील. ताटात बटाटा नको आणि अंगावर रेशीम हवं, हे गणित मला कधीच सुटलेलं नाही.

सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या त्या सूर्यास्ताच्या मुद्द्याला. 'जूनमध्ये तिथे रात्री दहाला सूर्य मावळतो, त्यामुळे रात्रिभोजनाचा प्रश्नच नाही.' घड्याळापुरतं हे खरं आहे. जूनअखेर पॅरिसचा सूर्य दहाच्या सुमारास बुडतो. दोन घडी आधी हात धुवायचे म्हटलं तरी नऊपर्यंत जेवता येतं. पण हीच गाडी नोव्हेंबरातही धावते, आणि तेव्हा पाच-साडेपाचलाच अंधार पडतो. त्या महिन्यात स्वस्त पडलं तर काय करणार? चार वाजता डब्यात बसून दशम्या आणि शेंगांची चटणी खाणार, आणि मग लाखो रुपये मोजलेल्या भोजनगृहात नुसतं पाणी पिणार? तेही सूर्यास्तानंतर कित्येकींना चालत नाही. ज्या सत्तरीच्या काकूंनी चाळीस वर्षं हे व्रत पाळलं, त्यांना गटावर 'तिथे चालतं हो' असं चार-चौघींनी समजावलं, ते मला फार लागलं. व्रत त्यांचं आहे. ते कसं वाकवायचं हे दुसऱ्यांनी शिकवायचं कारण नाही.

शिवाय त्या गाडीत पैसे कशाचे पडतात ते पाहा. फ्रेंच स्वयंपाक, मासे, मांस, दारू, आणि रात्री उशिरापर्यंत पियानो वाजणारा बारचा डबा. त्यातलं बहुतेक आपण नाकारणार, पण किंमत पुरी देणार. जुन्या खोल्यांत अंघोळीची सोय नाही. खोलीत हात-तोंड धुवायला बेसिन आणि शौचालय डब्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. डबा गरम ठेवायला प्रत्येक डब्यात कोळशाची शेगडी, आपल्या न्हाणीघरातल्या बंबाची थोरली बहीणच म्हणा. घरचा बंब काढून टाका म्हणून हट्ट धरणाऱ्या सुनांना तिथे तो 'अस्सल' वाटणार. (हसू नका, माझ्या घरातही हेच होईल.) ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी न्हाणीघर असलेल्या मोठ्या खोल्या आता केल्या आहेत. त्यांचं भाडं विचारूच नका.

मला ठाऊक आहे, यावर उत्तर येईल, 'बाईने जन्मभर रांधलं, वाढलं, आता चार दिवस हौस केली तर लगेच परिग्रह आठवला?' हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. मुलाच्या लग्नात चार दिवस मांडव घालणाऱ्या पुरुषांना कुणी भोगोपभोग विचारत नाही, बाईने तिकीट काढलं की सगळे शास्त्री होतात. जिला जायचं आहे, जिचे पैसे आहेत, तिने जावं. सासऱ्यांची परवानगीही मागू नये. पण हौसेला हौस म्हणावं. सहलीत मंदिर घुसडलं म्हणून सहलीची यात्रा होत नाही. आपले आचार्य विनाकारण हिंडण्याला अनर्थदंडात, प्रमादचर्येत मोजतात. तेवढं सोसून जायचं असेल तर डोळे उघडे ठेवून जावं, वर पुण्याची पावती मागू नये.

आणि आल्प्सच बघायचे असतील तर ते त्या कंपनीच्या मालकीचे नाहीत. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंड ओलांडून व्हेरोनाकडे साध्या गाड्या रोज दिवसाउजेडी जातात. तेच डोंगर, तशीच खिडकी, हवं तेव्हा डबा उघडता येतो. नेसायला सुती साडी पुरते.

राहिला पैशाचा प्रश्न. जाणाऱ्या अकराजणींपैकी चौघी भिशीच्या पैशांतून जाताहेत, आणि दोघींनी नाही म्हणायची लाज वाटली म्हणून होकार दिलाय. त्यांनी मला वेगळा फोन करून हे सांगितलं. ही अपरिग्रहाच्या उलटी गोष्ट आहे, दुसऱ्याच्या मनात नसलेली इच्छा पेरणं. म्हणून अध्यक्षांना माझी जाहीर विनंती आहे की येत्या रविवारच्या सभेत पैसे गोळा करण्याआधी चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता, हो-नाही विचारा. आणि मंदिराच्या फलकावर लावलेलं ते पत्रक तिथून काढा. लावायचंच असेल तर मंडळाच्या कार्यालयात लावा.