सागाची जनुकं आणि दाव्यातली कोरी ओळ

सागाच्या झाडाची जनुकं वाचून झाली. कोइम्बतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेने 2018 साली हे काम छापलं. जनुक म्हणजे बियाणातच लिहिलेला हुकूम: पान कसं यावं, लाकूड कसं धरावं. सागात असे सुमारे 36 हजार हुकूम निघाले. 2019 साली दुसऱ्या एका गटाने ते सागाच्या 18 गुणसूत्रांवर नीट बसवले. अमडापूरकडच्या माळावर बसून कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आमचं म्हणणं, आपल्यालाच आहे.

लाकूड होतं कसं, ते आधी पाहू. सालीखाली ओला, पातळ थर असतो. तो आत लाकूड घालतो, बाहेर साल. पावसाळ्यात जोरात चालतो, पानगळीत थांबतो. म्हणून कापलेल्या सागात दरसालचं कडं दिसतं. वर्षं गेली की आतलं लाकूड मरतं, त्यात तेलकट द्रव्य भरतं, रंग तपकिरी होतो, आणि त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र पोखरते. घराला कोवळ्या सागाचा खांब कुणी लावत नाही, ते यामुळेच. थर जोरात कशाने चालतो, द्रव्य कशाने भरतं, हे आता जनुकात शोधतात. चांगलं काम आहे, त्याला आमचा विरोध नाही.

पण यातून निघणार काय? लवकर वाढणारं, सरळ बुंध्याचं रोप. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 1980 च्या सुमारास मोठ्या सागाच्या डोळ्यापासून बाटलीत रोपं करून दाखवली होती. एका झाडाची हजारो रोपं. ती लागतात रांगेत, आणि रांगेला मोकळी जागा लागते. वन विकास महामंडळ 1974 साली निघालं, तेव्हापासून मिश्र जंगल साफ होऊन सागाच्या रांगा उभ्या राहताना महाराष्ट्राने पाहिल्या. त्या रांगेत मोह नाही, तेंदूपान नाही, धावड्याचा डिंक नाही, चारोळी नाही. आणि दावा मंजूर व्हायच्या आत वावरात खड्डे खोदले जातात, ते वेगळंच.

शिवाय निवड करायला झाडं लागतात. कोरड्या मुरमात तग धरणारा, न किडलेला साग उभा आहे तो जंगलात. वणव्यापासून त्याला राखलं कुणी? कुठल्या नाल्याकाठचा साग टणक, कुठला पोकळ, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. वनहक्क कायदा 2006, कलम 3(1)(के) म्हणतं की जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा आणि तिच्याबद्दलच्या पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क आपला आहे. जैवविविधता कायदा 2002 मात्र देशातल्या संशोधकाला नुसत्या अभ्यासासाठी मंडळाच्या परवानगीला बांधत नाही. पान, साल, बी पिशवीत जातं, गावाला पत्ता नसतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: नमुना नेणाऱ्याने आधी सभेला सांगावं, कुठल्या झाडाचा ते लिहून द्यावं, आणि जे निघेल ते मराठीत परत आणून वाचून दाखवावं. जैवविविधतेची नोंदवही कुणी बाहेरचा चार दिवसांत भरून देतो म्हणाला तर ऐकू नका, म्हाताऱ्या माणसांसोबत बसून स्वतः भरा. आणि सामूहिक हक्काच्या दाव्याच्या अर्जात या हक्काची वेगळी ओळ आहे. बहुतेक जण चराई, तेंदू, पाणवठे लिहून थांबतात आणि ती ओळ कोरी सोडतात. या खेपेला तिथे सागाचं नाव आधी लिहा, मग मोहाचं, धावड्याचं, जेवढी झाडं ओळखता तेवढ्यांचं.