लॅपटॉप पाचव्या वर्षाचा विचार करून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. अकरावीचा ऑनलाइन अर्ज, सीईटीची नोंदणी, आयकर विवरणपत्र, सातबारा, सोसायटीचा हिशेब, परगावी असलेल्या लेकीशी व्हिडिओ कॉल ही सगळी कामे मोबाइलवर होतात, पण रडतखडत. हाताशी असतात तीस-चाळीस हजार रुपये. दुकानात गेल्यावर समोर येतात पडद्याचे इंच, प्रोसेसरचे नाव आणि सोबत मिळणारी बॅग. हे यंत्र किती वर्षे साथ देईल, ते या तिन्हींवरून कळत नाही. मध्यमवर्गीय घरात लॅपटॉप दरवर्षी बदलला जात नाही. थोरल्याचा धाकट्याकडे जातो. त्यामुळे घेताना पाचव्या वर्षाचा विचार करायला हवा, आणि तो बहुतांशी मेमरी आणि स्टोरेज या दोन गोष्टींवर ठरतो.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज एवढीच आहे, आणि सर्वांत स्वस्त मॉडेल्स नेमकी तेवढ्यावर थांबतात. पण ही अट यंत्र सुरू होण्यापुरती आहे. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब, एक एक्सेलची फाइल आणि व्हिडिओ कॉल एवढे एकत्र चालले की ४ जीबी भरते. उरलेला भार मग स्टोरेजवर पडतो. ते रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्याने माउसचा बाण जागच्या जागी अडखळू लागतो. ६४ जीबीतली वीसपेक्षा अधिक जीबी जागा एकटे विंडोज खाते; मोठा अपडेट आला की त्याला मोकळी जागा लागते, आणि घरातले फोटो हलवल्याशिवाय ती मिळत नाही. या मॉडेल्समधले स्टोरेज बहुधा ईएमएमसी प्रकारचे, म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेले असते. ते बदलून मोठे करता येत नाही. म्हणून ८ जीबी रॅम आणि निदान २५६ जीबीचा, शक्य तर ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, याखाली उतरू नये. पैसे कमी पडत असतील तर दोन महिने थांबावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो: पुढे रॅम वाढवता येईल का? अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती ऑनबोर्ड असते, म्हणजे सोल्डर केलेली. आज घेतलेली ८ जीबी कायमची ८ जीबीच. दुकानातल्या डेमो यंत्रावर हे अर्ध्या मिनिटात तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेल्यावर किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत, ते दिसते. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले असेल, तर ती रॅम सोल्डर केलेली आहे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपा महागल्या आहेत, त्यामुळे मोकळ्या स्लॉटचे मोल वाढले आहे. आज ८ जीबी घेऊन भाव उतरल्यावर भर घालण्याची सोय त्यातच आहे.

प्रोसेसरच्या नावांनी तर ग्राहकाची सरळ दिशाभूल होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत पहिला आकडा बाजारातले वर्ष सांगतो, तर आतली रचना तिसऱ्या आकड्यावरून कळते. ७३२०यूमध्ये तो २ आहे. म्हणजे रचना झेन २, मूळची २०१९ ची. शिवाय या चिपला चालणारी मेमरी सोल्डर केलेलीच असते. ७३३०यू नावाला दहानेच पुढे, पण त्यात झेन ३ आहे. इंटेलकडे सेलेरॉन टाळून कोअर आय३-१२१५यूच्या वर्गातला प्रोसेसर घेतला, तर घरकामाला तो पुरून उरतो. पडदा फुल एचडी आणि आयपीएस असावा. बाजूने पाहिल्यावर रंग फिकटत असतील तर तो नको. ‘डॉस’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रात विंडोज नसते. त्याचा खर्च धरावा किंवा उबंटू टाकून घ्यावे. चोरीची प्रत मात्र घालून घेऊ नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आता अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड मिळतात. बांधणी आणि कीबोर्ड या बाबतीत ते नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बहुधा सरस असतात, आणि त्यांची रॅमही सहसा बदलता येते. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आहे. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. आय५-७२००यू नको, आय५-८२५०यू चालेल. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट विक्रेत्याकडून समोरच काढून घ्यावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी येतात.

हे सगळे ग्राहकाने एकट्याने शोधत बसावे, हे मात्र आम्हाला मान्य नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पुढे नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा दिला. त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून सुचवली आहे. लॅपटॉपलाही तो लवकर लागू व्हावा, आणि रॅम, एसएसडी व बॅटरी बदलता येते की नाही हे खोक्यावर किमतीशेजारी मराठीत छापण्याची सक्ती व्हावी.