मालक कोण, हे तरी विचाराल?

जुलै २०१८. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची मतदार नोंदणी ज्या बाइटग्रिड कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिचा मालक निघाला आल्टपॉइंट नावाचा फंड. आणि त्या फंडातला सगळ्यात मोठा गुंतवणूकदार? व्लादिमिर पोतानिन, रशियन अब्जाधीश. फंडाने कंपनी घेतली २०१५ साली. राज्याला कळलं तीन वर्षांनी, तेही एफबीआयने सांगितलं म्हणून. मधे २०१६ची निवडणूक होऊन गेली. आता बोला!

डेटाशी कुणी छेडछाड केल्याचा पुरावा निघाला नाही, बरं का. आणि माझा राग रशियनांवर नाहीच मुळी. मालक बदलला तर आपल्याला कळेल एवढीही सोय ज्यांनी केली नाही, त्यांच्यावर आहे. अहो, आपण साधं पेरोलचं सॉफ्टवेअर करायला घेतलं तरी क्लायंट शंभर प्रश्न विचारतो. सब-कॉन्ट्रॅक्टर कोण, सर्व्हर कुठे, कंपनी विकली गेली तर किती दिवसांत कळवणार. पगाराच्या स्लिपला एवढी काळजी आणि मतदार यादीला नाही?

यावर लगेच ठरलेलं उत्तर येतं: परदेशी कंपन्यांना बंदी घाला. (म्हणजे हिंजवडीत बसून कोड लिहिणारे तुम्ही-आम्ही पण संशयित!) याने काय साधतं ते बघा. व्हेनेझुएलाच्या इंजिनियर्सनी काढलेल्या स्मार्टमॅटिकने २००५ मध्ये सेक्वोया ही मतदान यंत्रांची अमेरिकन कंपनी घेतली. ओरड झाली, सरकारी चौकशी लागली, २००७ मध्ये सेक्वोया परत अमेरिकन हातात. पण यंत्रांतल्या काही तंत्राचे हक्क राहिले स्मार्टमॅटिककडेच! या कंपनीवर २०२० नंतर जे बेछूट आरोप झाले ते सोडा, त्यांच्याशी मला काही घेणं नाही. मुद्दा एवढाच की पाटी बदलली म्हणून कोड बदलत नाही. आणि लाच घ्यायला पासपोर्ट लागत नाही, देशी प्रोग्रॅमरही घेऊ शकतो.

तेव्हा टेंडरमध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना वाढवण्यापेक्षा तीन कलमं घाला. फंडाच्या मागच्या फंडापर्यंत मालकी उघड करा आणि बदलली की कळवा. सोर्स कोड तिऱ्हाइताला तपासू द्या. आणि सॉफ्टवेअर बाजूला ठेवूनही निकाल लावता आला पाहिजे, म्हणजे कागद हवाच. २०१७ मध्ये बेरजेच्या सॉफ्टवेअरवर शंका आली तेव्हा डच गृहमंत्र्यांनी सरळ हाताने मोजा म्हणून सांगितलं. मतपत्रिका कागदाच्या होत्या, म्हणून सांगता आलं.